आधी पेशंटला विचारा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील डॉक्टर-रुग्ण संवादावरचा लेख वाचला. डॉक्टरांकडे वेळ नसतो हे खरेच. पण वेळ असला तरी आपल्याकडे रुग्णाशी बोलले जातेच असे नाही. ओपीडीत पहिला प्रश्न असतो, "पेशंटबरोबर कोण आहे?" मग नवरा किंवा मुलगा आत जातो आणि जिच्या पोटात गाठ आहे ती बाहेर बाकड्यावर फाइल सांभाळत बसते. आत विनंती ठरलेली : "तिला काही सांगू नका, धीर सोडेल."

नोकरीभर वॉर्डात मी हेच पाहिले. यात वाईट हेतू नसतो. आजारपण घराचे असते. पैसा, रजा, डबे, जागरणे सगळे घरच निभावते, त्यामुळे बातमीही घराच्याच ताब्यात राहते. पण ही लपवालपवी टिकत नाही. परळला टाटामध्ये नेलेल्या माणसाला "साधी गाठ आहे" म्हणायचे आणि त्याने ते पटल्यासारखे दाखवायचे! डॉक्टर नातेवाइकांशी इंग्रजीत बोलले तरी 'किमो' आणि 'स्टेज' हे शब्द रुग्ण बरोबर टिपतो. रात्री सामसूम झाली की वॉर्डातल्या मावशींना विचारतो, "खरं काय ते तुम्ही तरी सांगा." मावशी देवाचे नाव घेतात, त्यातून त्याला काय कळायचे ते कळते. सकाळी तो घरच्यांसमोर हसतो, घरचे त्याच्यासमोर. जमिनीची वाटणी, बँकेतले वारसाचे नाव, बहिणीशी तुटलेले बोलणे, यातला एकही विषय निघत नाही. काढला तर आपल्याला माहीत आहे हे उघड होईल ना!

'आपली संस्कृतीच अशी' म्हणून विषय संपवणे मला पटत नाही. १९६१ मध्ये शिकागोतील एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अमेरिकेतच दुसऱ्या रुग्णालयात तीच प्रश्नावली दिली, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. जपानमध्ये मात्र सम्राट हिरोहितो १९८९ मध्ये वारले तरी त्यांना कर्करोग असल्याचे सांगितलेले नव्हते.

बाईच्या बाबतीत तर हे मौन फारच महाग पडते. शस्त्रक्रियेचा निर्णय सासरचे घेतात, सही नवऱ्याची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की, तातडीची वेळ नसताना, भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय काढायला तिच्या आईची संमतीही चालत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवे. निकालाला इतकी वर्षे झाली, पण सही करणारे हात फारसे बदललेले नाहीत.

सगळ्यांना सगळे तोंडावर सांगून टाका, असे माझे म्हणणे नाही. "माझ्या पोराला सांगा, मला नको" म्हणणारे आजोबा असतातच, आणि तो त्यांचा अधिकार आहे. फक्त हे ठरवू त्यांना द्या, तेही नातेवाईक आत येण्यापूर्वी. डॉक्टरांना गर्दीत जमत नसेल, तर सिस्टर वजन आणि बीपी घेतातच. तेव्हाच विचारावे, "रिपोर्ट आला की तुम्हाला सांगायचा की घरच्यांना?" आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा