आई, तो पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यातच आहे

नाँत, रविवार

प्रिय आई,

परवा फोनवर तू विचारलंस की अगं असा कसला पिक्चर ज्यात कुणी बोलतच नाही, आणि मी सांगायला लागले तर तिकडे कुकरच्या शिट्ट्या आणि इकडे माझी ट्राम आली, त्यामुळे ते तसंच राहिलं. म्हणून आता नीट टाइप करून पाठवतेय. लांबणार आहे, दुपारी जेवणं आवरली की निवांत वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव कारण यातलं बरंचसं त्यांच्याशी भांडायलाच लिहिलंय.

पिक्चरचं नाव 'ले पाराप्लुई द शेरबूर', म्हणजे शेरबूरच्या छत्र्या. १९६४ चा आहे. शेरबूर हे इथून वर उत्तरेला, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातलं बंदर. दिग्दर्शक जाक दमी, संगीत मिशेल लग्रां, आणि हिरोइन कॅथरीन दनव, तेव्हा जेमतेम विशीची. त्या वर्षी कान फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस यालाच मिळालं होतं. इथल्या काटोर्झा थिएटरमध्ये लागला म्हणून गेले, दमी लहानाचा मोठा याच गावात झाला त्यामुळे इथे त्याचे पिक्चर लोक फार मायेने बघतात.

सुरुवातीलाच कॅमेरा बंदरावरून फिरत फिरत सरळ खाली बघायला लागतो, ओल्या फरसबंदीवर पाऊस पडतोय आणि रंगीत छत्र्या वरून दिसतात, माणसं दिसतच नाहीत, नुसत्या छत्र्या इकडून तिकडे चाललेल्या, आणि त्यावरच नावं येतात. मग एक गॅरेज. गिऱ्हाईक विचारतं गाडी झाली का, आणि मेकॅनिक गाऊन सांगतो की झाली, थंड असताना इंजिन अजून थोडं वाजतं पण ते चालायचंच. आई, हे गाऊन, मागे दणदणीत जॅझ! तिथेच कपडे बदलताना एक मेकॅनिक गातगात म्हणतो की मला ऑपेरा नको, ती माणसं सारखी गातात ते सहन होत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा. थिएटरभर लोक हसले. पण दहा-पंधरा मिनिटांत काय होतं की कान त्याला सरावतो आणि मग आपण विसरूनच जातो की ही माणसं गाताहेत, टॅक्सची नोटीस, जेवायला काय आहे, औषध घेतलंस का, सगळं गाण्यात, आणि एकही शब्द साधा बोललेला नाही, दीड तास.

आता तू म्हणशील मग आपलं संगीत नाटक काय वेगळं. मी घरी येईपर्यंत हाच विचार करत होते. आपल्याकडे पात्र गद्यात बोलतं, बोलता बोलता मन भरून येतं, ऑर्गन सूर देतो आणि मग पद. म्हणजे गाणं ही भावनेची राखून ठेवलेली जागा. आपल्याला आधीच कळतं की आता काहीतरी मोठं येतंय, आपण सावरून बसतो, गायक पाहिजे तितका रमतो, वन्समोअर मिळतो, नाटक थांबतं आणि कुणाची तक्रार नसते. दमीने ती राखीव जागाच काढून टाकलीय. पेट्रोलचा भावही गाण्यात आणि मी लढाईवर चाललो हेही गाण्यात, तेव्हा भावना मोठी झाली म्हणून गाण्याला अजून वर जायला जागाच उरत नाही. वन्समोअर नाही, थांबणं नाही, टाळी घ्यायला कुणी उभं राहत नाही. आपल्याला कुणी सांगत नाही की आता रडा. त्यामुळे रडू कधी येतं माहितीये, अगदी भलत्याच वाक्याला, कुणी 'पेट्रोल साधं भरू का सुपर' विचारतं तेव्हा. त्यावर पुढे येते.

आणि एक, पडद्यावर दिसतात ती माणसं गातच नाहीत. दनवसाठी दानिएल लिकारी गायलीय, हिरो नीनो कास्तेलनुओव्हो इटालियन, त्याच्यासाठी जोझे बार्तेल. आधी सगळं संगीत रेकॉर्ड केलं आणि मग त्यावर शूटिंग, म्हणजे कुठल्या वाक्यानंतर किती सेकंद गप्प राहायचं, जिना किती वेळात उतरायचा, हे सुद्धा लग्रांच्या स्वरलिपीने ठरवलेलं. आपल्या विष्णुदास भाव्यांच्या खेळातही पदं सूत्रधारच म्हणायचा ना, पात्रांच्या वतीने. आणि ऐक, इथे नाँतमध्ये पासाज पॉमरे म्हणून काचेच्या छताची एक जुनी बाजारगल्ली आहे, तीन मजली, मधून मोठा जिना आणि दोन्ही बाजूंना पुतळे, ती उघडली १८४३ साली. सांगलीला भाव्यांचं सीतास्वयंवर नाटक झालं तेही १८४३! हे मला पाटीवर वाचून कळलं तेव्हा इतका आनंद झाला की सोबतच्या मैत्रिणीला तिथेच जिन्यात उभं राहून सांगलीचा सगळा इतिहास सांगितला. ही गल्ली पिक्चरमध्येही आहे, तेही सांगते.

गोष्ट तशी दोन वाक्यांची. जनव्हिएव सतरा वर्षांची, तिच्या आईचं, मादाम एमरीचं, छत्र्यांचं दुकान. गी हा त्या गॅरेजमधला मेकॅनिक. दोघांचं प्रेम, त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीचं बोलावणं येतं, दोन वर्षं अल्जीरिया. तो गेल्यावर कळतं की तिला दिवस गेलेत. पत्रं फार कमी येतात. हिऱ्यांचा व्यापारी रोलाँ कासार लग्नाचं विचारतो, मूल आपलं म्हणून वाढवीन म्हणतो, आणि ती हो म्हणते. गी परततो तेव्हा ती गेलेली, दुकान विकलेलं.

बाबांचं मत मला माहितीये, फोनवर एवढं ऐकूनच ते म्हणाले की पोरगी थांबली नाही, संपलं. बाबा, तुम्ही पिक्चर बघा आणि मग बोला. त्यात महिने लिहून येतात पडद्यावर, नोव्हेंबर १९५७, जानेवारी १९५८, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. दमी तिचा एकेक महिना मोजून दाखवतो. दुकानावर कर्ज, आईने दागिना विकायला काढलेला, पोट दिसायला लागलेलं, आणि तिकडून पत्र नाही. पत्र येतं एखादं, त्यात चकमकीत सैनिक मेल्याचं असतं, बाळाचं नाव काय ठेवायचं तेही असतं. मग पुन्हा काही नाही. ती एका जागी गाते की मी त्याच्यासाठी जीव दिला असता, मग मी अजून जिवंत कशी, आणि तिला स्वतःलाच ते खरंच कळत नसतं. मी इतक्या लांब राहते म्हणून सांगते, आपल्याला व्हिडिओ कॉल आहे तरी चार दिवस आवाज ऐकला नाही की तुझा चेहरा डोळ्यासमोर आणायला लागतो. तिच्याकडे एक फोटो होता आणि ती म्हणते की आता त्याला आठवायला गेलं की तो फोटोच आठवतो. हे बेइमानी नाही बाबा. मला या पिक्चरमधलं सगळ्यात खरं वाक्य तेच वाटलं.

आई, आणि तुला मादाम एमरी आवडेल. मला वाटलं होतं ही खलनायिका निघणार, पोरीला श्रीमंताच्या गळ्यात बांधणारी. तशी ती बांधतेच, पण तिच्या जागी उभं राहून बघितलं तर ती एकटी बाई आहे, धंदा बुडतोय, पोरगी सतराची आणि गरोदर. प्रेमापायी माणसं फक्त सिनेमात मरतात असं ती लेकीला सुनावते, आणि सिनेमातच सुनावते. कासारही वाईट नाही. जानेवारीत इथे एक सण असतो, बदामाचं सारण भरलेला गोल केक कापतात आणि ज्याच्या तुकड्यात छोटी वस्तू निघते त्याला कागदी मुकुट घालतात. ती जनव्हिएवच्या तुकड्यात निघते, ती राणी, आणि घरात पुरुष एकटा कासार, म्हणून राजा तोच. तिच्या डोक्यावर तो सोनेरी कागदाचा मुकुट आणि चेहरा असा की बघवत नाही. म्हणजे निर्णय कुणी घेतलाच नाही, सणाच्या खेळात होऊन गेला.

कासारचंही आधी एक प्रेम तुटलेलं, इथे नाँतमध्ये, ती गोष्ट दमीच्या १९६१ च्या 'लोला' या पिक्चरमध्ये आहे. तेच पात्र तोच नट घेऊन इथे आला. तो मादाम एमरीला सांगतो की मी एका बाईवर प्रेम केलं होतं, आणि पडद्यावर एकदम पासाज पॉमरे, रिकामी, कुणीच नाही, कॅमेरा नुसता फिरतोय. काही सेकंदच. मी त्या जिन्यावरून बाजाराला जाते गं! आता जाताना कासार आठवतो.

रंगांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेर्नार एव्हँ या कलादिग्दर्शकाने भिंती अशा रंगवल्यात की आपल्याकडे कुणी घराला देणार नाही, गुलाबीला लागून हिरवा, जांभळ्याला लागून भगवा. सुरुवातीला वाटतं किती छान आनंदी. मग लक्षात येतं की माणसांचे कपडे आणि भिंती जुळवलेल्या आहेत. जनव्हिएव गरोदर असताना तिचा फुलाफुलांचा निळा झगा आणि मागचा वॉलपेपर जवळजवळ एकच, ती भिंतीत विरघळून चाललीय असं दिसतं. पुढे लग्नाच्या कपड्यांचं दुकान, पांढऱ्या जाळीतल्या बाहुल्या, आणि त्याच जाळीत तिचा चेहरा. ती हो म्हणाली ते आपल्याला ऐकवतच नाहीत.

लढाईही दाखवत नाहीत. अल्जीरियाचं युद्ध १९५४ ते १९६२ चाललं, फ्रान्समधून दहा लाखांहून जास्त तरुण सक्तीने पाठवले गेले, आणि सरकारी भाषेत त्याला युद्ध म्हणायलाच १९९९ साल उजाडलं. पिक्चर आला १९६४ ला, म्हणजे बघायला आलेल्यांत कितीतरी घरी असा एक मुलगा असणार. गी परत येतो तो थोडा लंगडत. काय झालं ते दोन वाक्यांत उरकतो. मग कामात मन लागत नाही, भांडणं, दारू, त्याची आत्या वारते. आत्याची सेवा करणारी मादलेन त्याला सावरते, आत्याच्या पैशातून तो पेट्रोलपंप घेतो, लग्न करतात. मादलेन विचारते की तू तिला विसरलास ना नक्की, निराशेपोटी तर माझ्याकडे आला नाहीस ना. हिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही पण मला ती फार आवडली, तिला सगळं माहीत असतं आणि तरी ती उभी राहते.

दमीच्या वडिलांचं इथे नाँतमध्ये गॅरेज होतं. त्याची बायको आन्येस वार्दा, तीही मोठी दिग्दर्शक, तिने त्याच्या लहानपणावर 'जाको द नाँत' केलाय, त्यात ते गॅरेज आहे, आणि घरात सगळी कामं करता करता गाणारी माणसं. ते कळल्यावर मला पेट्रोलपंपाचा शेवट अजून जवळचा वाटला.

तो शेवट असा. डिसेंबर १९६३, बर्फ पडतंय, पंप पांढराशुभ्र. मादलेन मुलाला घेऊन बाहेर जाते आणि तेवढ्यात काळी मर्सिडीज येते, आत जनव्हिएव आणि छोटी मुलगी. ती उतरून ऑफिसमध्ये येते. दोघं काय बोलतात तर गार आहे, आई गेली, झाड छान सजवलंय. पंपावरचा पोरगा विचारतो साधं की सुपर. मुलीचं नाव फ्रान्स्वाज. त्याच्या मुलाचं फ्रान्स्वा. म्हणजे पत्रातलं नाव दोघांनीही जपलं, आणि त्यावर दोघंही एक शब्द काढत नाहीत. ती विचारते, बघायचंय तिला? तो नाही म्हणतो. तू निघ आता. ती म्हणते, बरा आहेस ना? हो, छान. बास. आणि या सगळ्यावर लग्रां काय करतो, स्टेशनवर निरोप घेतानाची तीच धून आणतो, तीच ओळ पुन्हापुन्हा, आता सगळ्या वाद्यांसकट. हे दोघं पेट्रोलचं बोलताहेत आणि जे बोलायचं होतं ते ऑर्केस्ट्रा बोलतोय. माणसं पुढे गेली, संगीत तिथेच स्टेशनवर उभं आहे. माझ्या शेजारची म्हातारी बाई हुंदके देत होती, मीही.

एक अजून सांगायचं, हे रंग जवळपास गेले होते. त्या काळच्या ईस्टमन फिल्मचे रंग उडतात, प्रिंटा फिक्या पडल्या. पण दमीने तीन रंगांच्या वेगवेगळ्या ब्लॅक अँड व्हाइट कॉप्या करून ठेवल्या होत्या, तो १९९० ला वारला आणि नंतर वार्दाने त्यावरून सगळा पिक्चर पुन्हा उभा केला, संगीतासकट. नवरा गेल्यावर त्याच्या गुलाबी हिरव्या भिंती परत मिळवत बसलेली ती बाई मला सारखी डोळ्यासमोर येते.

दादाला सांगितलंय, तो तुम्हाला टीव्हीवर लावून देईल, मोबाइलवर बघू नका, आणि आवाज मोठा ठेवा. आई, मला तुझ्याकडून एकच गोष्ट ऐकायचीय, गीने त्या मुलीला भेटायला हवं होतं की नको? मला वाटतं त्याने बरोबर केलं, मादलेन कुठल्याही क्षणी परत येणार होती आणि ते तिचं घर आहे. माझी इथली मैत्रीण म्हणते पोरीचा काय दोष, दोन मिनिटं काचेतून तरी बघायचं. आम्ही त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडलो. बाबा, तुम्हीही सांगा, पण पूर्ण बघून.

वहिनीला आणि पिल्लूला पापा. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
मनू