काळे की काले?

मा. संपादक,
स. न.

संस्थांनी आपल्या सभासद-याद्या 'एकदाच्या पूर्ण शुद्ध' कराव्यात, असं एका वाचकानं गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. माझं भांडण 'पूर्ण' या शब्दाशी आहे.

आमच्या इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या मंडळाची यादी यंदा आम्ही तिघांनी तपासली. हिंदीत 'ळ' नाही, त्यामुळे एकच गृहस्थ काळे, काले आणि (इंग्रजीवरून उतरवलेले) केल असे तीन जागी नांदत होते. त्यांच्या घरी स्मरणिकाही तीन जायच्या. रोज संध्याकाळी फोन लावून नावं-पत्ते जुळवले, टपालखर्च उतरला. तिथवर मेहनत वसूल. मग कुणाच्या तरी डोक्यात जन्मतारखा आल्या आणि पंधरा दिवस पाण्यात गेले. मंडळाला त्या तारखा लागतात कशाला? रक्तगट मात्र निराळा. तिथे ऐकीव नोंदी सरळ खोडल्या. चुकीच्या रक्तगटापेक्षा कोरा रकाना बरा.

मी बँकेत होतो. नव्वदच्या दशकात लेजरवरून खाती संगणकात चढवताना जन्मतारखेशिवाय स्क्रीन पुढे सरकत नसे आणि लेजरात तारीख नसे. मग टाका १ जानेवारी, साल अंदाजानं! मीही टाकलं आहे. पुढे साठी उलटलेल्या एका आजींना ज्येष्ठांचं अर्धा टक्का जादा व्याज मिळेना, कारण संगणकाच्या लेखी त्या त्रेपन्न वर्षांच्या. अर्ज, शाळेचा दाखला, साहेबांची सही, मागच्या व्याजाचा फरक काढणं, यात तिघांचा अर्धा दिवस गेला. आजींचे हेलपाटे वेगळेच.

लॅबोविट्झ आणि चँग या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या अभ्यासकांचा १९९२चा ठोकताळा आहे: नोंद करतानाच तपासली तर एक रुपया, मागाहून दुरुस्तीला दहा, तशीच सोडली तर शंभर. आकडे शब्दशः घेऊ नयेत, पण चढण खरी आहे. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. टंकताना एखादा अंक चुकला की संगणक तिथल्या तिथे अडवतो. ही राखण जवळपास फुकटात होते. काळ्यांच्या आडनावाला असा बारावा अंक नाही, तिथे माणूसच लागतो. म्हणून पैसा आणि माणूस फॉर्म घेण्याच्या टेबलावर लावावा, जुन्या कपाटांवर नाही.

आम्ही आता सभासदाला नाव देवनागरीत, स्वतःच्या हातानं लिहायला लावतो. जन्मतारखेचा रकाना काढून टाकला. काळे तेवढे नाराज आहेत. जादाच्या दोन स्मरणिका ते पुण्याला मुलींना पाठवत असत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
रामबाग, इंदूर