‘प्रीमियम फिलिंग’ म्हणजे नेमकं काय भरलं, ते लेखी कळवा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या खालच्या मागच्या दुधाच्या दाढेत आपल्या पुण्यातील दवाखान्यात फिलिंग केलं. कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत होती, हे एक्स-रेवर दाखवलं. तिथे काय भरणार, ते मात्र सांगितलं नाही. बिलावरही फक्त ‘प्रीमियम टूथ कलर फिलिंग’. काही आठवड्यांतच डब्यातली पोळी चावताना ते निघालं. तिने घरी आणलेला तुकडा खडूसारखा भुसभुशीत होता. आता ती त्या बाजूने चावत नाही, गार पाणी लागलं की गाल धरते.

तक्रार केल्यावर आपल्या माणसाने सुनावलं, ‘दुधाचे दात पडणारच असतात.’ ही दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात पडते. तोवर मुलीने चावायचं कशाने? आणि ती आधीच काढावी लागली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडते.

दुसऱ्या बालदंतवैद्यांनी आतला उरलेला भाग पाहिला. त्यांच्या मते ते साधं ग्लास आयोनोमर, म्हणजे दातात भरायचं एक प्रकारचं सिमेंट आहे. ते वाईट नाही. दाताला आपोआप चिकटतं, फ्लोराइड सोडतं, थोडी लाळ लागली तरी चालतं, त्यामुळे हलणाऱ्या मुलांसाठी सोयीचं. पण दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात ते लवकर तुटतं. त्याचाच रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) मिसळलेला प्रकार त्याहून टिकतो. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, मजबूत असतं, पण दाढ पूर्ण कोरडी ठेवावी लागते. आणि दुधाच्या दाढेची कीड अशी बाजूला पसरली असेल, तर स्टीलची कॅप बहुधा या सगळ्यांपेक्षा जास्त टिकते. ती दिसायला चांगली नाही म्हणून आईबाप नको म्हणतील, हे आपण परस्पर ठरवलंत का? मी कॅपच निवडली असती. चांदीचं फिलिंग मी मागत नाही, त्यात पारा असतो. खरोखर गरज नसेल तर १५ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असं पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरवलं आहे.

भरलेल्या मटेरियलचं नाव, केसपेपर आणि एक्स-रेची प्रत मला द्यावी. फिलिंगचे पैसे परत करावेत. पुढचे उपचार आम्ही दुसरीकडे करू. शिवाय प्रत्येक शाखेत मटेरियलचं नाव बिलावर छापावं आणि उपचाराआधी पालकांना पर्याय सांगावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

आपली,
एक पालक