लेंड्या मोजायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

प्राण्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं, बिलावरही त्यांचंच. आमच्या सशांचं नसबंदीचं ऑपरेशन त्यांनी केलं, उत्तम केलं, आणि त्यांचे आभार आम्ही समक्ष मानले. हे पत्र तुम्हाला आहे. अर्धवट शुद्धीतला ससा टॉवेलात गुंडाळून हातात देताना औषधाच्या चिठ्ठीच्या मागे तुम्ही जे लिहून देता, त्याबद्दल. नसबंदी तासाभरात उरकते. पुढचे दोन महिने त्या मागच्या बाजूवर निघतात.

पत्र उघडं लिहितोय, कारण मुंबईत कुत्र्यामांजरांबद्दल विचारायला प्रत्येक सोसायटीत चार माणसं सापडतात, सशाबद्दल विचारलं की ‘गाजर द्या’ यापलीकडे कुणाची गाडी जात नाही. (गाजर गोड असतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे, पाला मात्र हवा तेवढा.) तुमच्या ओळी आणखी चार घरांत पोचाव्यात, एवढाच हेतू.

तुमची पहिली ओळ ऑपरेशनच्या आधीची: ‘उपाशी आणू नका.’ कुत्र्यामांजरांना उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सशाला उलटी करताच येत नाही. त्याचं आतडं थांबलं की मात्र जिवावर बेततं. म्हणून सकाळपर्यंत गवत समोर हवं, आणि सोबत डब्यातून रोजचंच गवत व कोथिंबिरीची जुडी. शुद्ध येताना ओळखीचा वास नाकाशी असला की तोंड लवकर हलायला लागतं. हे इतकं साधं आहे, तरी किती तरी लोक कुत्र्याचा नियम सशाला लावून बारा तासांचा उपास घडवून आणतात.

दुसरी ओळ, मोठ्या अक्षरांत: ‘टाके नंतर बघा, आधी लेंड्या मोजा.’ नव्याने ससा पाळणाऱ्या माणसाचं लक्ष जखमेवर खिळतं, ते साहजिक आहे. पण ऑपरेशननंतर ससा दगावतो तो अनेकदा जखमेने नाही, आतडं थांबल्याने. वेदना, भीती आणि भूल ही तिन्ही आतड्याला मंदावतात. मंदावलं की भूक मरते, भूक मेली की आणखी मंदावतं, पोटात वायू धरतो, वायूने पुन्हा वेदना. हे चक्र कुठे तरी तोडावं लागतं, आणि त्याची पहिली खूण ट्रेमध्ये दिसते.

म्हणून ट्रेमध्ये पांढरा कागद किंवा जुना फिका टॉवेल. लाकडाचा भुसा नको, तो टाक्यांना चिकटतो. मांजराची गोळा होणारी वाळू तर कधीच नको, पोटात गेली तर आतडं तुंबतं. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी, आणि बोटांत चुरली की आत गवताचा चुरा दिसतो. ऑपरेशनच्या रात्री ती मिरीएवढी होते, काळपट, कडक, कधी दोन चिकटलेल्या. घाबरण्यासारखं नाही, येतेय हे महत्त्वाचं. चोवीस तासांत आकार वाढायला लागला की गाडी रुळावर. बारा तासांत ना खाणं, ना लेंडी, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. तोवर ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसलाय का, डोळे अर्धवट मिटलेत का, पोट लादीला दाबतोय का, दात कराकरा चावतोय का, ते पाहायचं. गोंजारताना दातांची बारीक कुरकुर होते ती सुखाची. मोठा करकर आवाज दुखण्याचा. हा फरक शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून तुम्ही तो फोनवर रेकॉर्ड करून ऐकवता, हे फार बरं करता.

भरवण्याचं गणितही तुमचंच. रोजच्या पेलेटचा (गवताच्या दाबून केलेल्या खाद्यगोळ्यांचा) एक भाग, कोमट पाणी दोन भाग, दहा मिनिटं भिजवून चाळणीतून काढायचं. सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज पुढच्या दातांमागच्या रिकाम्या फटीतून बाजूने घालायची, समोरून नाही. एका वेळी एक मिली, चावून गिळलं की पुढचा. किलोमागे साधारण दहा मिली, दिवसातून चार-पाचदा. ससा उताणा करून भरवायचा नाही, फुप्फुसात जातं. आणि पोट नगाऱ्यासारखं टणक लागत असेल तर भरवणं बंद, थेट दवाखाना. ही शेवटची अट बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही.

वेदनाशामक थेंबांवरून तुम्ही जो दम भरता, तो भरायलाच हवा. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून लोक दुसऱ्या दिवशी थेंब बंद करतात. ससा दुसऱ्याच्या तोंडचा घास होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. बरा दिसतोय तो थेंबांमुळेच दिसतोय. घरातलं पॅरासिटामॉल वा ब्रुफेन मनाने द्यायचं नाही. मुलांचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप तर मुळीच नाही, तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत जातो. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचे थेंबही सशाला विष.

जखम दिवसातून दोनदा बघायची. एकाने मांडीवर घेऊन पुढचे पाय उचलायचे, मागचा भाग हाताने तोललेला, दुसऱ्याने टॉर्चने बघायचं. मागून आधार नसला तर ससा जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. रेघ कोरडी, कडा मिटलेल्या, किंचित गुलाबी, इतपत ठीक. नराची पिशवी दोन-तीन दिवस सुजलेली असते, तेही ठीक. ओल, वास, फट किंवा रोज वाढणारी गाठ दिसली तर डॉक्टर. हळद लावायची नाही, डेटॉल नाही, पावडर नाही. आजीने कितीही आग्रह केला तरी नाही.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायला तुम्ही नकार देता, त्यामागचं कारण आम्हाला तुमच्यामुळे कळलं. पहाटे सशाला द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चिकट लेंड्या येतात, त्या तो थेट तोंडाने उचलून खातो. त्यांतून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. कॉलर आली की तोंड पोचत नाही, घोस बुडाला चिकटतात, आणि पावसाळ्यात मुंबईच्या माश्यांना एवढं निमित्त पुरतं. ओल्या, घाणेरड्या केसांत माशी अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात. टाके कुरतडतच असेल तर जुन्या बनियनच्या बाहीचा अंगरखा. तोही फक्त तेवढ्यापुरता.

उबेचंही तसंच. भुलेतून उठलेला ससा गार पडतो, म्हणून पहिल्या रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवायची, नकोशी झाली तर त्याला सरकता आलं पाहिजे. एसी बंद, पंखा अंगावर नाही. पण हीच मुंबई मे महिन्यात दुसऱ्या दुपारी उलटी फिरते. पारा तीसच्या वर आणि हवा दमट असली की सशाला उष्माघात होतो, त्याला घाम येत नाही. मग तीच पिशवी काढून बर्फ केलेली बाटली कापडात गुंडाळून शेजारी. गुळगुळीत लादीवर पाय फाकतात, म्हणून सतरंजी हवीच. मादीला आठ-दहा दिवस सोफ्यावर उडी नाही. नर तीन दिवसांत हुंदडायला लागतो.

आता जोडी जमवण्याबद्दल, म्हणजे दोन सशांना एकत्र राहायची सवय लावण्याबद्दल. तुम्ही चिठ्ठीवर तारीख घालून देता: ऑपरेशनपासून सहा आठवडे, त्याआधी भेट नाही. लोकांना हा हट्ट वाटतो. पण नराच्या नळ्यांत आधीचे शुक्रजंतू चार ते सहा आठवडे जिवंत राहू शकतात, मादीची नसबंदी झाली नसेल तर काही सेकंदांची भेट पुरते, आणि महिन्याभरात घरात पिल्लं. बाजारातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून आणलेल्या जोड्यांत हे हमखास घडतं. दोघांचं ऑपरेशन झालेलं असलं तरी अंगातले हार्मोन ओसरायला तेवढाच वेळ लागतो. त्याआधी भेटवलं तर चढाचढी, टाक्यांवर ताण आणि भांडण. आणि सशाला पहिलं भांडण फार काळ लक्षात राहतं.

मधल्या काळात दोन पिंजरे शेजारी, पण जाळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर. जाळ्या चिकटल्या तर नाकाचा नाही तर पायाच्या बोटाचा लचका जातो. जेवण दोन्हीकडे जाळीलगत, एकाच वेळी. एक दिवसाआड टॉवेल आणि ट्रे अदलाबदल. पहिल्यांदा दुसऱ्याच्या टॉवेलवर पाय आपटतील, मुततील. आठवड्याने त्याच टॉवेलवर पसरून झोपतील. तोवर पुढे सरकायचं नाही.

पहिल्या भेटीला तुम्ही ‘कांदेपोहे’ म्हणता, त्याहून नेमका शब्द नाही. अट एकच, जागा दोघांनाही परकी हवी. वन बीएचकेमध्ये ती आणायची कुठून, हा मुंबईचा खास प्रश्न, आणि तुमचं उत्तर व्यवहारी आहे: शेजाऱ्यांचा हॉल, किंवा ससा कधी शिरला नसेल अशी कोरडी मोरी, खाली रबरी चटई. जागा चार फूट बाय चार फूट. लादी पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून पुसलेली. मध्ये गवताचा एक ढीग. लपायला खोका ठेवायचा तर त्याला दोन दारं, एकच दार म्हणजे कोंडी. हाताशी केराची सुपली आणि जाड हातमोजे. भांडणात उघडा हात घातला तर टाके आपल्याला पडतात.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. एक दुसऱ्यावर चढला तर काही क्षण चालू द्यायचं, त्यातून थोरला-धाकटा ठरतो. उलटा, तोंडाकडून चढला तर तत्क्षणी बाजूला, कारण खालचा ससा नेमक्या नाजूक जागी चावतो. कान मागे चिकटलेले, शेपूट ताठ आणि दोघं गोल फिरायला लागले की पुढचा क्षण एकमेकांत गुंतून भांडण्याचा असतो, त्याआधीच मध्ये सुपली उभी घालायची. आणि चांगली खूण कोणती? दोघं एकमेकांकडे साफ दुर्लक्ष करून आपापले कान धूत बसले, ही. लोकांना मिठी हवी असते, तुम्ही म्हणता दुर्लक्ष जमलं की अर्धं लग्न जमलं. दोघंही डोकं खाली घालून ‘तू आधी चाट’ म्हणत अडून बसले, तर एकाच्या कपाळाला केळं अगदी नखभर लावायचं. ही युक्ती दरवेळी चालत नाही, पण चालते तेव्हा बघत राहावं.

घाबरवून जोडी जमवण्याचा एक सल्लाही फिरत असतो, दोघांना एका टोपलीत घालून रिक्षातून फिरवून आणा म्हणून. तुम्ही तो फेटाळता ते योग्यच. भीतीने बिलगलेले ससे घरी आल्यावर भीती ओसरली की पुन्हा भांडतात.

रोज थोडं वाढवत, भांडण झालं तर दोन पायऱ्या मागे येऊन, शेवटी सलग अठ्ठेचाळीस तास नजरेखाली बिनभांडणाचे गेले की मगच एकत्र सोडायचं. नर-मादी लवकर जमतात, दोन माद्यांना वेळ लागतो, दोन नर सगळ्यांत अवघड. जमल्यावर पुन्हा वेगळं करायचं नाही. एकाला दवाखान्यात आणायचं तर दुसराही टोपलीत सोबत, नाहीतर परतलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा वास आणि घरातला त्याला ओळखत नाही.

सोबत धुतलेले जुने टॉवेल, पाच मिलीच्या सिरिंजा आणि जाळीची आठ पॅनेल पाठवतो आहोत. दोन फुटी जाळी ससा सहज ओलांडतो, म्हणून तीन फुटी घेतली. ज्यांना जोडी जमवायची आहे त्यांना वापरायला द्या आणि परत घेताना व्हिनेगरने पुसून मागा. आधीच्या जोडीचा वास राहिला तर परकी जागा परकी राहत नाही.

कळावे, लोभ आहेच.

मुंबईतले आम्ही ससेवाले

ता. क. चिठ्ठीवर एक ओळ वाढवाल का? ऑपरेशनची तारीख गणपतीच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात देऊ नये. ढोल आणि फटाक्यांनी धडधाकट ससाही खाणं सोडतो. गणपतीनंतर मात्र उरलेल्या ताज्या दुर्वांच्या जुड्या जरूर आणाव्यात, हळदीकुंकू न लागलेल्या, धुऊन, निथळून. ऑपरेशननंतर पहिला घास बऱ्याचदा दुर्वांचाच घेतला जातो.