आबिटकर साहेब, बाळ घरी सोडायच्या आधी एकदा पायाला ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगा

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षबागवाला. तुम्ही राधानगरीकडचे म्हणजे आमच्या शेजारचेच, म्हणून निवेदन घेऊन मुंबईला हेलपाटे घालण्यापेक्षा इथंच लिहितोय. मागणी एकच आहे. सरकारी असो नाहीतर प्रायव्हेट, बाळ-बाळंतीण घरी सोडायच्या आधी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा डिस्चार्ज कार्डावर लिहायचा. बस्स.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नॉर्मल डिलिव्हरी, पोरगं वजनाला चांगलं, रडलं पण खणखणीत, पेढे वाटून झाले. आमची आईच तेवढी म्हणत होती की पोराचे ओठ काळपट दिसतायत, तर उत्तर मिळालं थंडीनं होतं, गुंडाळून ठेवा. आम्ही सावळी माणसं, पोरगं पण सावळंच, ट्यूबलाइटच्या उजेडात निळं काय आणि काळं काय कुणाला कळणार? दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण त्यांनी जगावेगळं काही केलं नाही, बऱ्याच ठिकाणी असंच चालतं.

घरी आल्यावर पोरगं दूध ओढेना. दोन घोट घेतले की दमायचं, कपाळावर घाम, पोट भात्यासारखं वरखाली. सांगलीला पळवलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाला पट्टी गुंडाळली आणि मशीनवर आकडा आला ६२. कोरोनात आपण सगळेच या आकड्याचे डॉक्टर झालो होतो, त्यामुळं ६२ म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तर कळलं की हृदयातनं निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची जन्मतःच अदलाबदल झालीय, म्हणजे फुफ्फुसातलं शुद्ध रक्त परत फुफ्फुसातच जातंय आणि शरीरातलं अशुद्ध रक्त परत शरीरातच फिरतंय. मग इतके दिवस पोरगं जगलं कसं, तर पोटात असताना प्रत्येक बाळाला दोन नळ्यांना जोडणारी एक छोटी वाट असते, ती जन्मल्यावर काही दिवसांत आपोआप मिटते, तिथनं थोडं रक्त मिसळत होतं. ती मिटायला लागली आणि आमचं पोरगं निळं पडलं. ती वाट उघडी ठेवायचं इंजेक्शन आहे, प्रोस्टाग्लँडिन, ते थेंबथेंब चालू ठेवून पुण्याला न्यायचं ठरलं.

१०८ ला फोन केला होता पण व्हेंटिलेटरवाली, बाळाला ऊब देणारी गाडी त्या वेळी मिळाली नाही, प्रायव्हेट करावी लागली. त्या इंजेक्शननं बाळ मधेच श्वास घ्यायचं थांबू शकतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. सोबतची सिस्टर मॉनिटरवरची नजर काढत नव्हती, श्वास थांबला की तळपायाला टिचकी, पोरगं दचकायचं, परत श्वास सुरू. विटा, कराड, तासवडे टोलनाका, खंबाटकीचा बोगदा, सगळा रस्ता त्या टिचक्यांवर गेला.

पुण्यात आधी फुग्यानं हृदयातल्या पडद्याचं भोक मोठं केलं, मग ऑपरेशन. दोन्ही नळ्या कापून आपापल्या जागी लावायच्या आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या शिरा पण उचलून नव्या नळीला जोडायच्या. सर्जनना हात जोडले, दुसरं काय करणार. सूज होती म्हणून सुरुवातीला छाती शिवली नव्हती, वर नुसता पातळ पडदा, आत हलताना दिसायचं. दाजींनी एकदा बघितलं आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. बहीण दर तीन तासांनी दूध काढून वाटी आत पाठवायची, ते नळीनं जायचं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसलं, त्याबद्दल खरंच आभार. काउंटरवर अडलं एवढंच की रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही. अहो बारसंच झालं नाही तर नाव कुठनं आणायचं? योजनेचा दवाखान्यातला माणूस, आरोग्यमित्र, चांगला भेटला, त्यानं मार्ग काढला.

आता पोरगं घरी आहे, अंगावर धरतंय. काखेत धरून उचलायचं नाही, छातीला मालिश नाही, हे न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पटवता पटवता आई थकली.

तर साहेब, हजारात आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. पोरांच्या तपासणीचा सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला आपल्याच पालघरमधनं सुरू झाला, त्यांची पथकं अंगणवाडीत तपासतात, पण आमच्यासारखं पोरगं अंगणवाडीपर्यंत थांबत नाही हो. केरळनं २०१७ पासून अशा हृदयदोषाच्या बाळांसाठी हृद्यम योजना चालवलीय, बाळाची ऑनलाइन नोंद होते आणि हॉस्पिटल ठरवून मिळतं. आपल्याकडं जन्मानंतर चोवीस तासांनी या मशीननं एक तपासणी तरी करा. आकडा ९५ किंवा वर आणि हातापायात तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली असेल तर त्याच दिवशी इको. मधलं काही असेल तर तासाभरानं परत. सगळेच दोष यात सापडत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण आमचा सापडला असता. कोरोनातली मशीनं पडून असतील, फक्त मोठ्यांची बोटाची क्लिप बाळाला चालत नाही, गुंडाळायची पट्टी वेगळी येते, तेवढी घ्या.

मागणी एकच म्हणालो होतो पण दुसरी पण लिहूनच टाकतो. ते प्रोस्टाग्लँडिन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, ते जिल्ह्यात सिव्हिलला कायम शिल्लक असावं. आमचं सांगली-मिरजेचं सिव्हिल तुमच्या खात्यात नाही, वैद्यकीय शिक्षणाकडं आहे म्हणे. तुम्ही दोन्ही मंत्री कॅबिनेटला एकत्रच बसता ना, तिथंच बोलून घ्या.

आपला,
एका बाळाचा मामा
ता. तासगाव, जि. सांगली