नावे लिहून ठेवा

महोदय,

गावातल्या एकखोली शाळांचे जुने फोटो किती तरी घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून असतात. खाली शाळेचे नाव, फार तर साल. मुलांची नावे नसतात, आणि त्यांना ओळखणारी माणसे कमी होत चालली आहेत. याची मनापासून खंत वाटते.

फोटोसोबतच्या चार ओळींनी काय फरक पडतो, हे अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन यांच्या कामात दिसते. अमेरिकेतील बालमजुरीविरोधी समितीसाठी त्यांनी १९१६ मध्ये केंटकीतल्या खेड्यांतील शाळांचे फोटो काढले. पटावर किती, हजर किती, गैरहजर मुले शेतात कशी राबताहेत, हे ते नोंदवत. त्यामुळे रिकामा बाकही पुरावा ठरला! ते फोटो आज 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात जपलेले आहेत.

अशा फोटोंत पुढे मांडी घालून बसलेली धाकटी मुले, मागे मास्तरांच्या खांद्याला लागलेली थोरली. कुणाच्या हातातल्या पाटीवर खडूने लिहिलेले साल. बरेचदा काळ ठरवायला तेवढाच आधार असतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. नावे मऊ पेन्सिलीने, पाठीमागे कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. चिकटपट्टी तर नकोच, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. स्कॅन करताना मागची बाजूही घ्या.

आपण दर आठवड्याला असा एक फोटो छापावा, ही विनंती. नावे वाचक कळवतील.

– एक वाचक