रोबोट दात्यांनी दिला, कात्री कोण देणार?

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

देणगीतून आलेल्या शस्त्रक्रिया-रोबोटचा दरवर्षीचा खर्च शासन उचलेल, असा शब्द आपण उद्घाटनाला दिला होता. नव्या आर्थिक वर्षात त्यासाठी लेखाशीर्षसुद्धा, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातंसुद्धा, उघडलेलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्याकडचा शेवटचा नीडल ड्रायव्हर, म्हणजे टाके घालताना सुई धरणारं रोबोटचं हत्यार, संपला. गुदाशयाच्या कर्करोगात ओटीपोटाच्या अरुंद जागेत, मज्जातंतू सांभाळत काम करायचं असतं. हे यंत्र तिथेच सर्वात जास्त उपयोगी पडतं, आणि तेच आता झाकून ठेवलं आहे.

‘संपला’ म्हणजे मोडला नाही. या हत्यारांच्या आत वापर मोजणारी चिप असते. कुणाला १० वापर, कुणाला १८. आकडा शून्यावर आला की टोक कितीही चांगलं असो, यंत्र ते हत्यार घेतच नाही. एका शस्त्रक्रियेला अशी तीन-चार हत्यारं लागतात. शिवाय यंत्राच्या हातांवरची निर्जंतुक प्लास्टिकची आवरणं आणि विजेच्या कात्रीच्या टोकाची इन्सुलेशनची टोपी एकदाच वापरायची. टोपी जराशी फाटली तरी ठिणगी शेजारच्या आतड्याला भाजू शकते. कृपा करून इथे काटकसर सुचवू नका.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामाला द्यायचा २ टक्के निधी मागायला गेलं की यंत्राला होकार पटकन मिळतो, त्यावर पाटी लावता येते. हत्यारांच्या खोक्यांना आणि देखभाल कराराला कोणी विचारत नाही. म्हणून तर तुमचा शब्द हवा होता.

शल्यचिकित्सकही देणगीतूनच तयार झाले. आधी सिम्युलेटर, मग रुग्णाशेजारी उभं राहून हत्यारं बदलणं, मग मार्गदर्शकासमोर शस्त्रक्रियेचा एकेक टप्पा. आमच्या यंत्राच्या कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागी, बसलेल्याला दोऱ्याचा ताण हाताला जाणवत नाही. टाक्याच्या गाठीखालची ऊती पांढरी पडायला लागली की थांबायचं, हे डोळ्यांनीच ओळखायचं. नवखे हात इथेच धागा तोडतात. ही नजर सलग केसेस केल्याशिवाय येत नाही. तुमच्या खात्याने त्यांच्यातल्या दोघांची बदली केली, तीही रोबोट नसलेल्या ठिकाणी! रक्तस्राव झाला तर यंत्राचे हात झटपट सोडवून बाजूला करणाऱ्या परिचारिकाही पांगल्या. दात्याच्या पैशाने माणूस शिकवायचा आणि बदलीच्या एका कागदाने ते शिक्षण वाया घालवायचं, हे सरकारी रुग्णालयात चाललं आहे. तुमच्या व्यवस्थेला फक्त रिक्त पद दिसतं, त्यावरचं कौशल्य दिसत नाही.

१९४१ साली परळला टाटांच्या दानातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. दानाने उभं केलेलं शासनाने चालवल्याचं उदाहरण मंत्रालयापासून काही किलोमीटरवर आहे, ते जाऊन बघा.

स्वतंत्र लेखाशीर्ष, वर्षभराच्या हत्यारांची आगाऊ खरेदी, प्रशिक्षित चमूला किमान तीन वर्षं बदलीतून सूट. उत्तरात आश्वासन नको, शासन निर्णयाचा क्रमांक कळवा.

— एका सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ